बेबाकीचा दाखला

पतसंस्थेच्या बाबूने सही-शिक्का मारून दिलेला कागद गयासुद्दीनने दुकानात आणायच्या आधी लॅमिनेट करून घेतला. त्याचे तीस रुपये गेले. पंधरा वर्षांत निव्वळ हौस म्हणून केलेला हा त्याचा पहिला खर्च, आणि तोही कशावर, तर कर्ज उरलं नाही असं सांगणाऱ्या कागदावर! 'सदर सभासदाकडे संस्थेची कोणतीही रक्कम येणे बाकी नाही,' असं त्यात लिहिलं होतं. बेबाकीचा दाखला. गयासुद्दीनने तो गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला टांगला, स्टुलावरून उतरून दोन पावलं मागे सरकला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि पुन्हा वर चढून तो सरळ केला.

अमरावतीच्या इतवारा बाजारामागच्या गल्लीत त्याचं गादी-रजईचं दुकान आहे. पुढे दहा बाय बाराची खोली, तिच्यात कापूस पिंजायचं यंत्र, भिंतीला खोळींची थप्पी, आणि सगळ्यावर पांढरा भुगा. मागच्या दोन खोल्यांत संसार. २०१० साली याच यंत्रासाठी आणि याच जागेसाठी त्याने कर्ज काढलं. यंत्र आलं आणि त्याच्या मागोमाग बाजारात फोमच्या गाद्या आल्या. लोक म्हणू लागले, कापसाची गादी कोण दरवर्षी पिंजून घेत बसेल? मग हप्ते थकले, मग जुनं कर्ज नव्यात फिरवून नवं-जुनं केलं, मग पुन्हा नवं-जुनं केलं. सात वर्षांचं कर्ज पंधरा वर्षं चाललं. छातीत कापसाचा खोकला बसला तो वेगळाच.

या पंधरा वर्षांत घरात एक वाक्य फार वापरलं गेलं: कर्ज फिटू दे. नवा पंखा? कर्ज फिटू दे. चष्म्याचा नंबर वाढला? कर्ज फिटू दे. आयशाबीची माय वारली तेव्हा चाळिसाव्या दिवसापर्यंत माहेरी राहू का म्हणून तिने विचारलं, तेव्हाही दुकानात टाके घालायला माणूस नाही म्हणून हेच वाक्य आलं होतं. गयासुद्दीनने कधी बायकोवर हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, कोणाचा पैसा बुडवला नाही. एवढ्यावर आपण चांगले नवरे आहोत, हे तो धरूनच चालला होता.

"मंग गयासभाऊ, आता काय इचार?" शेजारच्या हारवाल्या केशवरावांनी दाखला नीट वाचून विचारलं. केशवराव वीस वर्षांपासून त्याच भिंतीला टेकून हार गुंफत होते. दुसऱ्याच्या पैशाचं काय करावं, यात त्यांची गती फार चांगली. "ठेव वापस भेटली मनता, हप्ता बी वाचला. मी तर मनतो, फोमच्या गाद्याची एजन्सी घ्या. नाहीतर रहाटगावकडे एखादा प्लॉट पाहून ठेवा."

"नाही बापा. मी ठरवलं हाय."

"काय?"

"उमऱ्याले जातो. दोघंबी."

हज काही झेपायचा नव्हता, पण मक्का-मदिनेची ही धाकटी यात्रा पंधरा दिवसांत होते आणि अकोल्याची एक पार्टी दर दोन महिन्यांनी माणसं घेऊन जाते. दोघांचे मिळून दोन लाखांच्या वर लागत होते. पतसंस्थेने सक्तीने कापलेली ठेव आणि शेअर्स मिळून एक लाख ऐंशी हजार परत दिले होते. उरलेले चार-पाच महिन्यांत जमले असते, कारण साडेसहा हजारांचा हप्ता आता दर महिन्याला हातातच राहणार होता. हे सगळं गणित त्याने एका खोळीच्या पुठ्ठ्यावर केलं होतं आणि पुठ्ठा गल्ल्यात जपून ठेवला होता.

जेवताना त्याने आयशाबीला सांगितलं. त्यांच्या घरात अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी बोलली जाते. दोघंही चांदूर रेल्वेकडच्या खेड्यात वाढलेली, त्यामुळे उर्दू पाहुण्यांपुरती आणि मनातलं काही बोलायचं झालं की वऱ्हाडी.

"आयशा, आपुन उमऱ्याले जाऊन राहिलो."

आयशाबीने त्याच्या ताटात भाजी वाढली. "बरं."

"बरं काय? मक्का-मदिना दिसन तुले!"

"दिसन तर चांगलंच हाय," ती म्हणाली आणि भाकरी शेकायला चुलीकडे वळली. गयासुद्दीनला वाटलं, बाईमाणूस आहे, एवढ्या मोठ्या आनंदाने गांगरली असेल. अठ्ठावन्न वर्षांच्या आपल्या बायकोला काय होतं हे ओळखायची त्याला सवय नव्हती, आणि सवय नसल्याची जाणीवही नव्हती.

उमऱ्याला जायचं तर आधी माणसाने हलकं व्हावं लागतं. कोणाचं देणं राहू नये, कोणाचं मन दुखावलेलं राहू नये. गयासुद्दीनला हा भाग फार आवडला, कारण देण्याघेण्यात तो आता एकदम चोख होता. तो गल्लीतून माफी गोळा करत फिरला. चहावाल्याला म्हणाला, कहा-सुना माफ करा. किराणावाल्याला म्हणाला. केशवरावांकडे तर हात जोडूनच उभा राहिला.

"माफ बापा, माफ!" केशवराव म्हणाले. "पन आता खरं सांगा, मायी ती मोगऱ्याची कुंडी तुमच्याच हातगाडीनं फुटली होती ना?"

"व्हय. मायाच गाडीनं."

"बारा वर्षं नाही मनत राहिले! जा, तेबी माफ."

दोघं हसले. माफी मागणं इतकं सोपं असतं, हे गयासुद्दीनला आधी ठाऊक असतं तर त्याने ते रोज केलं असतं. शेवटी तो मशिदीत मौलवीसाहेबांकडे गेला आणि दाखल्याची मोबाइलमधला फोटोही त्यांना दाखवला. मौलवीसाहेबांनी फोटो पाहिला, माशाअल्ला म्हटलं, आणि सहज विचारलं, "बीबीचा मेहर दिला आहे ना?"

मेहर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायचं कबूल केलेलं धन. ते निकाहनाम्यात लिहिलं जातं आणि साक्षीदारांसमोर वाचलं जातं. ते बायकोचं असतं, नवऱ्यावर कर्ज असतं. पण वाचून झाल्यावर त्याची आठवण कितीजण ठेवतात? कोणी पहिल्या रात्रीच बायकोकडून माफ करून घेतं. कोणी तेही करत नाही. मग त्याचा जनाजा उचलायच्या आधी बायाच विधवेला विचारतात, मेहर माफ केला का गं? ती बिचारी रडता रडता मान हलवते.

"ते तर तिनं तवाच माफ केलं," गयासुद्दीन म्हणाला.

"मग चांगलंच. तरी जायच्या आधी एकदा साफ मनाने पुन्हा म्हणवून घ्या. मेहर किती होता?"

"दीड तोळा सोनं."

मौलवीसाहेबांनी भुवया वर केल्या. १९९० साली दीड तोळ्याचे पाच हजारही होत नव्हते. आता त्यात एक बाई मक्केला जाऊन आली असती आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना खजूर वाटून झाले असते.

दुपारची वेळ होती. आयशाबी मागच्या खोलीत जमिनीवर पसरलेल्या रजईला टाके घालत होती. यंत्र कापूस पिंजून देतं, पण टाके हातानेच घालावे लागतात. एका हातात दाभण, दुसरा हात रजईखाली. एका ओळीत वीतभर अंतरावर टाका, अशा बावीस ओळी. पस्तीस वर्षांत तिने किती रजया शिवल्या याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, कारण त्याची मजुरी द्यावी लागत नव्हती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेराला दाभणाने पडलेला काळा घट्टा होता.

गयासुद्दीन तिच्यासमोर मांडी घालून बसला. चेहऱ्यावर कुंडीच्या माफीचं हसू अजून होतं.

"आयशा, एक शब्द पाहिजे तुया."

"सांगा."

"मौलवीसाहेब मनले, जायच्या आधी मेहर पुन्हा एकदा माफ मनून घ्या. मनजे तू केलंच हाय. पन तोंडानं मन एकदा."

तिने टाका ओढून घेतला, गाठ घट्ट केली. "नाही मनत."

"काय नाही मनत?"

"माफ नाही मनत."

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. मग आठवलं की ती थट्टा करत नाही. "अवं, पहिल्या राती तूच मान हलवली होती. मी विचारलं, मेहर माफ केलं का? तू मान हलवली."

आयशाबीने हातातलं दाभण रजईत खोचून ठेवलं. "झोप आली होती मले," ती म्हणाली.

"आं?"

"तीन दिवसाची जागरनं. हळद, मेंदी, पाव्हने. बैलगाडीत बसून आली मी तुमच्या गावाले. तुमी खाली मान घालून काय पुटपुटून राहिले होते, ते मले ऐकूबी आलं नाही. डुलकी आली आन् मान खाली गेली. सकायी तुमच्या भाभीनं सांगतलं का तू मेहर माफ केलं मनून. सगळ्या बाया खुश झाल्या. मी मनलं, असन केलं."

पस्तीस वर्षं ज्या मानेवर गयासुद्दीन निर्धास्त होता ती झोपेची होती, हे त्याला एकाएकी पचेना. "मंग इतके वर्षं काहून नाही बोलली?"

"बोलली ना. एकदा बोलली."

त्याला आठवलं. आठवायला वेळही लागला नाही, हे त्याला सर्वांत वाईट वाटलं.

२०१० चा जून. त्यांची एकुलती आरजू बारावी पास झाली होती, एकाहत्तर टक्के. अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. आठ दिवसांत पंचवीस हजार भरायचे होते. नेमक्या त्याच आठवड्यात यंत्रासाठी मंजूर झालेलं कर्ज त्याच्या खात्यात येऊन पडलं होतं. आयशाबी म्हणाली, त्यातून द्या. तो म्हणाला, ते यंत्राचं आहे, यंत्र आलं की कमाई होईल, कर्ज फिटू दे, मग शिकव तुला काय शिकवायचं ते. सहाव्या दिवशी आयशाबीने स्वतःचं डोकं चालवलं. म्हणाली, मंग मायं मेहर द्या. दीड तोळ्याचे होतील तेवढे. ते माया हक्काचं हाय.

तेव्हा तो हसला होता. नुसता हसला नाही, बाहेर जाऊन केशवरावांनाही सांगितलं, बायको पाहा मेहर मागून राहिली, वीस वर्षांनी जाग आली. केशवरावही हसले. आठवा दिवस गेला. डिसेंबरात एक स्थळ आलं, मुलगा अकोल्याच्या डाळ मिलमध्ये कामाला, आणि आरजूचा निकाह झाला.

"तवा मले वाटलं नव्हतं का एवढं..." तो म्हणाला.

"मले वाटलं होतं," आयशाबी म्हणाली आणि दाभण उपसून पुढच्या टाक्याला लागली.

आता कोणी म्हणेल, एवढं काय, उद्या-परवा राग उतरला की म्हणेल माफ. गयासुद्दीनही तेच समजून चार दिवस थांबला. या चार दिवसांत त्याने तिला बाजारातून संत्री आणून दिली, चष्म्याच्या दुकानात नेऊन नवा नंबर काढून दिला, पंखाही आणला. आयशाबीने संत्री सोलून दोघांना वाटून घेतली, चष्मा घातला, पंख्याखाली बसून रजया शिवल्या. बोलणं नेहमीसारखंच होतं. तिने रागावून अबोला धरला असता तर त्याला समजूत काढायला काहीतरी धरायला मिळालं असतं.

पाचव्या दिवशी तो सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला निघाला. मायचं मन लेकच वळवेल. आरजूचा शब्द आयशाबी खाली पडू देत नसे. शिवाय एक लाख ऐंशी हजारांतलं काही तिलाही देऊ, असंही त्याने गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत ठरवलं. इतके दिवस हे सुचलं कसं नाही, याचं त्याला जरासं आश्चर्य वाटलं. जरासंच.

आरजू एका खाजगी दवाखान्यात आया होती. डाळ मिलमध्ये पोती उचलून नवऱ्याची कंबर गेल्यावर सहा वर्षांपूर्वी तिने ही नोकरी धरली. गयासुद्दीनला ती दवाखान्यात 'कामाला' आहे एवढंच माहीत होतं, आणि चारचौघांत तो तेवढंच सांगत असे. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. तिच्या कामाच्या जागी मात्र तो आजवर आला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर जनरल वॉर्डच्या दाराशी बाकडं होतं. त्यावर तो बसला.

आत नर्सा पांढऱ्या कपड्यांत होत्या आणि आया आकाशी कोटात. आरजू पाठमोरी होती, एका म्हातारीला कुशीवर वळवून तिच्या पाठीला पावडर लावत होती. किती हळू हात होता तिचा! शेजारच्या खाटेजवळच्या माणसाने घाबरून हाक मारली, "ओ सिस्टर! सिस्टर, सलाइन संपून राहिलं!"

आरजू झटकन वळली. दोन पावलं त्या खाटेकडे गेलीही. मग थांबली. "मी सिस्टर नाही," ती म्हणाली, "बोलावते."

बोलावल्यावर एक नर्स आली, बावीस-तेवीसची असेल. तिने सलाइन बदललं आणि जाता जाता म्हणाली, "मावशी, चार नंबरचं भांडं उचला ना." आरजूने खाली वाकून भांडं उचललं, त्यावर कागद झाकला आणि ती दाराकडे आली. बाकड्यावर बाप दिसला तेव्हा ते भांडं कुठे लपवावं हे तिला क्षणभर कळलं नाही. त्यालाही कुठे पाहावं ते कळलं नाही.

अर्ध्या तासाने दोघं खाली चहाच्या टपरीजवळ उभी होती. गयासुद्दीनने सगळं सांगितलं. डुलकीचं ऐकून आरजू हसली, आणि मग तिने ओठांशी नेलेला कप खाली घेतला.

"अम्मीनं माया फीसाठी मेहर मांगलं होतं?" तिने विचारलं. "मले नाही सांगतलं कधी."

"तुले मालूम नव्हतं?"

"मले वाटलं, कोनी काही केलंच नाही."

तिला ते ठाऊक नव्हतं आणि आता आपल्याच तोंडून कळलं, हे पाहून गयासुद्दीन घाईने बोलू लागला. "तू तिले समजाव बेटा. तुया शब्द ती टाकनार नाही. आन् हे पाय, पैसे हायेत आता. तू पुन्हा शीक. नर्सिंगचं पाय."

"अब्बा, तेहतीस वर्षांची हाय मी."

"तं काय झालं?"

"तीन वर्षं कॉलेजात बसली तर घर कोन चालवन? त्याईची कंबर हाय, पोराची शाळा हाय. आन् बारावीतलं काय याद हाय मले आता? औषधाचं नाव वाचाले बी थांबा लागते." ती हे अगदी साधेपणाने बोलली, बसची वेळ सांगावी तसं. "ते झालं, अब्बा. ते सरलं."

"नाराज हायस माह्यावर?"

"नाराज व्हायले बी जीव लागते. बारा तासाची ड्यूटी हाय मायी."

"मंग हे पैसे तरी घे."

"ते अम्मीचे हायेत ना? तिच्या हातात द्या. तिचं फेडाले मले काहून देता?" तिने कप टपरीवर ठेवला आणि चहाचे पैसे त्याच्या आधी काढून दिले. "आन् मी तिले माफ कर मनून नाही सांगनार. तुमी उमऱ्याले जा, खुशाल जा. पन ते मी नाही सांगनार."

ती जिना चढून वर गेली. गयासुद्दीनला एवढं मात्र समजलं की आता रस्ता एकच उरला. माफी मिळत नाही तर देणं चुकतं करायचं. देणं चुकतं करणं हे तर त्याच्या हातचं काम होतं, त्यात कोणी त्याचा हात धरला नसता. उमरा राहिला तर राहिला. आपल्यावर कोणाचं काही राहू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी तो ते एक लाख ऐंशी हजार सोडायला तयार झाला. ही त्याची पंधरा वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट होती, आणि ती त्याने मनापासून केली, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो सराफ्यात गेला. दीड तोळ्याची, हॉलमार्कच्या शिक्क्याची सोन्याची वळी घेतली. पावती घेतली. मौलवीसाहेबांना विचारून निकाहनाम्यातला मजकूर पडताळून पाहिला. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास घरी आला, नमाजाआधी करतात तसं हातपाय-तोंड धुऊन वजू केलं, डोक्यावर टोपी घातली आणि सोन्याची लाल डबी आयशाबीच्या समोर रजईवर ठेवली.

"हे तुयं मेहर. दीड तोळा. पस्तीस वर्षं उशीर झाला, त्याची माफी मांगतो."

आयशाबीने नव्या चष्म्यातून डबीकडे पाहिलं. ती उघडली, वळी पाहिली. ती पाहताना तिचे डोळे भरून आले. चला, सुटलो, असं गयासुद्दीनला वाटलं. मग तिने डबी बंद केली आणि त्याच्याकडे सरकवली.

"इकून टाका," ती म्हणाली. "पैसे आरजूले द्या. बाप मनून द्या. तुमी तिचं बी देनं लागता, ते वेगळं हाय."

"देतो. मंग तुयं फिटलं ना?"

"मायं कसं फिटन? मायं वेगळं."

"मंग तूच घे ना हे! आन् तुया हातानं दे तिले. तिनं बी मनलं होतं, अम्मीच्या हातात द्या मनून."

"नाही. म्या घेतलं का तुमी सुटले." तिचा आवाज चढला नाही. "तवा पंचवीस हजारात मायी पोरगी सुटत होती. तवा मांगलं होतं मी. आता दोन लाखात कोनीच सुटत नाही, तुमीच तेवढे सुटता. मले ते नाही पाहिजे."

"आयशा, अवं..." त्याला एकदम भीती वाटली. पतसंस्थेच्या नोटिसा आल्या तेव्हाही अशी वाटली नव्हती. तिथे बाबू होता, मॅनेजर होता, हातापाया पडून मुदत मिळायची. "मौलवीसाहेब मनतात, देनाऱ्यानं दिलं का त्याची बाजू झाली. घेवो का न घेवो."

"मंग जा उमऱ्याले."

तो गेला नसता, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. बाहेर केशवराव फुलांच्या टोपल्या आवरत होते. मग तो सौदा करणाऱ्या माणसासारखं म्हणाला, "हप्त्यानं घे. दर महिन्याले साडेसहा हजार. जसं जमन तसं घे."

"नोको."

"किती दिवस असं ठेवशीन माह्यावर?"

"पंधरा वर्षं तुमी मले मनत राहिले, कर्ज फिटू दे, कर्ज फिटू दे. मी काही मनली का? राहू द्या आता."

तिने चष्मा नीट केला, दाभणात दोरा ओवला आणि जिथे सोडली होती तिथून ओळ धरली. सहा ओळी अजून बाकी होत्या. गयासुद्दीन डबी हातात धरून तिथेच बसून राहिला. दुकानातल्या दाखल्याची कड इथून दारातून दिसत होती. त्याला वाटलं, आपण आधी मेलो तर? मग जनाजा उचलायच्या आधी गल्लीतल्या बाया येतील, हिच्याभोवती बसतील, विचारतील. तेव्हा हिला नाही म्हणवणार नाही. भरल्या घरात, मढं समोर असताना कोणीच नाही म्हणत नाही. पंधरा वर्षांच्या सवयीने त्याला हे शेवटचं एक मुदतीचं दार दिसलं, आणि माणूस बुडताना लाजत नाही, म्हणून त्याने ते विचारलंही.

"मी मेलो का बाया विचारतीन तुले," तो म्हणाला. "तवा तरी मान हलवशीन ना?"

आयशाबीने टाका ओढून घट्ट केला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"तवा मले झोप नाही येनार," ती म्हणाली, आणि तिने पुढचा टाका घातला.